यंत्राचे पत्र आणि फळाचा धनी

(पिरंगुट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली काही पुनरुक्ती कमी केली आहे.)

पुढे या, पुढच्या खुर्च्या मोकळ्या आहेत.

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हांला आधीच गाठून विचारले, की सर, हा तुमचा प्रांत आहे का? नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. संगणक आमच्या टेबलावर आला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. पण समीक्षा फक्त कवितेची नि ग्रंथाचीच करावी असा काही दंडक नाही. कोणी काही सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, आणि ज्याला कळायला हवे होते त्याला ते कळले का, हे प्रश्न जिथे विचारता येतात तिथे समीक्षा करता येते. आज आम्ही एका पत्राची समीक्षा करणार आहोत. पत्र जेमतेम पाच-सहा ओळींचे आहे, आणि ते माणसाने लिहिलेले नाही.

झाले असे. आमच्या माहितीतल्या एका वाचनालयात तीन जुने संगणक आहेत. देणगीतून आलेले, 32 बिटचे. त्यांवर लिनक्स चालते. तिथे रोज सकाळी आमचे एक स्नेही येतात. वयाने आमच्याहून दोन वर्षांनी मोठे, नजर फार अधू. एक प्रोग्राम होता, तो स्कॅन केलेले पान हवे तेवढे मोठे करायचा, काळ्यावर पांढरे अक्षर करून द्यायचा. त्याच्या आधाराने ते जुनी मासिके वाचत. एका रविवारी तिथल्या एका उत्साही मुलाने तिन्ही यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली. सोमवारी प्रोग्राम गायब. पुन्हा बसवायला गेले तर उत्तर आले, असे पॅकेज सापडत नाही.

हे वाक्य नीट ऐका. 'होते, आता नाही' असे ते म्हणत नाही. 'तुमच्या यंत्रासाठी नाही' असेही म्हणत नाही. जणू ती वस्तू जगात कधी नव्हतीच. आमचे स्नेही चार दिवस एकच विचारत होते, "माझ्या हातून काही दाबलं गेलं का हो?" सत्तरी उलटलेला माणूस, कोणीतरी दूर बसून लिहिलेल्या एका ओळीचा दोष स्वतःकडे घेत होता. आम्हांला हा विषय तिथे लागला.

मग आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तत्त्वज्ञानात बी.ए. करून हा मुलगा पुढे संगणकात गेला. त्याने तासाभरात शोधून सांगितले. त्या प्रोग्रामला लागणारी एक लायब्ररी 32 बिटवर बांधली जाईना, म्हणून मेंटेनरने 32 बिटसाठीची बांधणीच थांबवली होती. बदलनोंदीत एक ओळ होती तशी. वर्षभरापूर्वीची. विद्यार्थी म्हणाला, "सर, तिथे नुसती नोंद आहे. आमच्या फेडोरात निदान आपोआप पत्र तरी जातं." आम्ही म्हणालो, दाखव बघू ते पत्र.

पत्राकडे वळण्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. सगळेच काही संगणकवाले नाहीत इथे.

प्रोसेसर म्हणजे आज्ञा पाळणारा. पण प्रत्येक घराण्याचा प्रोसेसर स्वतःच्याच भाषेतल्या आज्ञा पाळतो. या घराण्याला आर्किटेक्चर म्हणतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल-एएमडीचे घराणे असते, फोनमध्ये आर्मचे, आणि बँकांच्या मोठ्या यंत्रांत आयबीएमचे. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर एकच असतो, पण प्रत्येक घराण्यासाठी तो वेगळा बांधून घ्यावा लागतो. पुण्याच्या माणसाला हे समजायला दूर जायला नको. सी-डॅकचा परम 8000 हा 1991 साली आला तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर. पुढे परम 8600 इंटेलच्या आय860 वर, परम 9000 सुपरस्पार्कवर, 1998 चा परम 10000 अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर4 वर, आणि 2008 चा परम युवा इंटेल झिऑनवर. नाव एकच, 'परम'. आतली भाषा पुन्हा पुन्हा बदललेली. वीसेक वर्षांत एकाच संस्थेत किती प्रोग्राम किती वेळा नव्याने बांधावे लागले असतील याचा विचार करा. आणि तिथे बदल करणारे नि बदल सोसणारे एकाच छताखाली होते! चहाच्या टेबलावर सांगितले तरी भागत असेल. आमचा प्रश्न जिथे असे छत नाही तिथला आहे.

दोन घराण्यांतला फरक किती बारीक असू शकतो याचे एक उदाहरण देतो, कारण ते आम्हांला फार आवडले. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो. पाच आधी, वीस नंतर. पण लिहिताना 25 लिहितो, म्हणजे दोन आधी, पाच नंतर. इंग्रजीत बोलतानाही वीस आधी येतात. काही प्रोसेसर मोठी संख्या साठवताना मराठी बोलण्यासारखे लहान टोक आधी ठेवतात, काही इंग्रजी बोलण्यासारखे मोठे टोक आधी. आज बहुतेक सगळे लहान टोकवाले आहेत. आयबीएमचे मेनफ्रेम, ज्याला फेडोरात एस390एक्स म्हणतात, ते मोठ्या टोकाचे. आता एखाद्या पोराने आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला, जगात सगळे 'पंचवीस'च म्हणतात असे मनात धरून, तर तो मेनफ्रेमवर बावन्न वाचणार. त्यात पोराची लबाडी काही नाही. त्याने दुसरे यंत्र पाहिलेलेच नसते.

फेडोरात पॅकेज बांधायला टाकले की ते ठरलेल्या सगळ्या आर्किटेक्चरवर एकदम बांधले जाते. इंटेल-एएमडी 64 बिट, आर्म 64 बिट, पॉवर, मेनफ्रेम, आणि मागे राहिलेले 32 बिट. यांतल्या एकावर अडले की सगळी बांधणी नापास. नियम कडक आहे आणि आमच्या मते चांगला आहे, पण त्यातूनच मोह निर्माण होतो. रात्रीचे अकरा वाजलेत, मेंटेनर बहुतेक वेळा फुकट काम करणारा माणूस, चार आर्किटेक्चरवर पास, मेनफ्रेमवर नापास. ते मेनफ्रेम त्याने जन्मात पाहिलेले नाही. तेव्हा स्पेक फाइलमध्ये एक ओळ घालता येते, 'एक्सक्लूडआर्च', आणि पुढे त्या आर्किटेक्चरचे नाव. म्हणजे हे सोडून बाकी सगळ्यांसाठी बांधा. बांधणी पास होते, माणूस झोपायला जातो. उलट प्रकारची ओळही आहे, 'एक्सक्लूझिवआर्च', म्हणजे फक्त यांच्यासाठीच बांधा. तिसरा प्रकार अटींचा: अमुक आर्किटेक्चर असेल तर हे कर, नसेल तर ते कर.

आम्ही विद्यार्थ्याला विचारले, "तू कधी घातलीस अशी ओळ?" थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "दोनदा, सर. एकदा खरंच इलाज नव्हता. एकदा कंटाळा आला होता." (हशा) हसू नका. हा भेद फार महत्त्वाचा आहे. स्पेक फाइलमध्ये दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या दिसतात.

आता पत्र. अशी एखादी ओळ कोणी घातली किंवा बदलली की यंत्र ते ओळखते आणि आपोआप मेल पाठवते. विषयाच्या ओळीत असते, की अमुक पॅकेजमध्ये आर्किटेक्चरशी संबंधित बदल झाला आहे. आत पॅकेजचे नाव, बदल कुठे पाहायचा तो दुवा, आणि बदललेल्या ओळी; काढलेलीपुढे वजा, घातलेलीपुढे अधिक. बस. ते जाते पॅकेजच्या मेंटेनरला आणि आर्किटेक्चरच्या अशा बदलांवर नजर ठेवणाऱ्यांना.

गुण आधी सांगतो. हे पत्र प्रामाणिक आहे. ते मत देत नाही, सारवासारव करत नाही, प्रत्यक्ष ओळ समोर ठेवते. माणसाने लिहिले असते तर 'काही तांत्रिक कारणास्तव' असे लिहिले असते. आम्ही सरकारी नि विद्यापीठीय परिपत्रके वाचण्यात उमेद घालवली. 'तांत्रिक कारण' या शब्दांखाली काय काय लपते ते आम्हांला चांगले ठाऊक आहे. आणि पत्र वेळेवर जाते, तक्रार येईपर्यंत थांबत नाही.

दोष पत्त्यात आहे.

पहिला पत्ता बघा. मेंटेनर. बहुतेक वेळा ओळ त्यानेच घातलेली असते. म्हणजे यंत्र करणाऱ्यालाच कळवते, की बाबा रे, तू हे केलेस. क्वचित याचा उपयोग होतो, दुसऱ्याच कोणी त्याच्या पॅकेजला हात लावला तर. एरवी ती आरशाला पाठवलेली चिठ्ठी आहे.

दुसरा पत्ता, नजर ठेवणारे. इथे गंमत अशी की विषयाच्या ओळीत पॅकेजचे नाव असते, आर्किटेक्चरचे नसते. मेनफ्रेम सांभाळणाऱ्याला प्रत्येक पत्र उघडून बघावे लागते, की हे आपले की आर्मवाल्याचे की 32 बिटचे. दिशाही वरून कळत नाही. कोणी दार लावले आणि कोणी उघडले, दोन्हींना 'बदल' हाच एक शब्द. एखाद्या घरी मूल जन्मले आणि एखाद्या घरी माणूस गेला, दोन्हीकडून 'आमच्या घरातील माणसांच्या संख्येत बदल झाला आहे' एवढेच कार्ड आले तर कसे वाटेल?

त्यात 32 बिटचा पूर. फेडोराने 2019 मध्ये, 31 व्या आवृत्तीत, 32 बिट यंत्रांसाठीचा कर्नल बंद केला. पण 32 बिट पॅकेजे बांधणे चालू राहिले, कारण 64 बिट यंत्रावरही काही जुन्या प्रोग्रामांना ती लागतात. मग 2022 मध्ये, 37 व्या आवृत्तीच्या वेळी, मेंटेनरना सांगण्यात आले की ज्या पॅकेजवर दुसरे काही अवलंबून नाही त्याची 32 बिट बांधणी खुशाल सोडून द्या. निर्णय योग्यच. पण प्रत्येक वेळी तीच एक्सक्लूडआर्चची ओळ घालायची, आणि प्रत्येक ओळीमागे तेच पत्र निघणार. आता वीस पत्रे अशी अपेक्षित, कोणाचे काही न बिघडवणारी, आणि एकविसावे मेनफ्रेमवरचे एखादे महत्त्वाचे पॅकेज बंद झाल्याचे. सगळ्यांचे तोंडवळे सारखे. आमचा विद्यार्थी म्हणाला, "ते मेल मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, सर. वाचत नाही." त्याला आम्ही दोष कसा द्यावा? पेन्शनच्या कार्यालयाचे एसएमएस आम्ही तरी वाचतो का?

इथे आमच्या जुन्या विषयातले एक हत्यार काढतो. मीमांसकांनी विधिवाक्यांचे चार प्रकार केले. उत्पत्तिविधी कर्म कोणते ते सांगतो, विनियोगविधी त्याचे अंग कोणते ते सांगतो, प्रयोगविधी क्रमाने करायला लावतो, आणि चौथा अधिकारविधी. अधिकार म्हणजे आजच्या अर्थाने सत्ता नव्हे, बरं का. त्या कर्माच्या फळाचा धनी कोण, हे सांगणारे ते वाक्य. पुरोहित हात चालवतो, पण फळ यजमानाचे. मीमांसक हे दोघे कधी एक करत नाहीत. कोणी म्हणेल, सूचना म्हणजे विधी नव्हे, तिला अधिकारविधी कशाला लावता? आक्षेप रास्त आहे. पण जी सूचना ऐकून कोणीतरी काहीतरी करावे अशी अपेक्षा आहे तिला 'कोणी?' हा प्रश्न चुकत नाही. आमच्या पत्राला कर्ता ठाऊक आहे, कर्म ठाऊक आहे. फळाचा धनी ठाऊक नाही. ते पुरोहितालाच परत परत पत्र घालते, आणि यजमान वाचनालयात बसून म्हणतो, माझ्या हातून काही दाबले गेले का.

आता पिरंगुटमध्ये बसून आम्हांला मुळशीची आठवण होणार नाही असे कसे होईल? याच रस्त्याने पौडच्या पुढे गेलात की धरण लागते. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. त्या काळचा भूसंपादनाचा कायदा 1894 चा. त्यात अधिसूचनेसाठी दोन ठिकाणे सांगितली होती: एक सरकारी राजपत्र, आणि दुसरे, कलेक्टरने तिचा आशय त्या भागातल्या सोयीच्या जागी जाहीर करावा. म्हणजे परक्या सरकारलाही एवढे कळत होते, की राजपत्र वाचणारा एक आणि नांगर धरणारा दुसरा. दोघांचा पत्ता एक नाही. आणि दुसऱ्यासाठी आशय सांगायचा, कलमांची जंत्री नाही. बरोबर 90 वर्षांनी, 1984 च्या दुरुस्तीत, वर्तमानपत्रे आली: दोन दैनिके, त्यांतले किमान एक तिथल्या भाषेतले.

नोटीस चावडीवर लागली म्हणून न्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. मुळशीच्या शेतकऱ्याचे दुःख जमीन जाण्याचे होते. नोटिशीने ते हटणार नव्हते. आणि वाचनालयातला प्रोग्राम म्हणजे कोणाची वडिलोपार्जित जमीन नव्हे, तुलना ताणू नका. आम्हांला फक्त पत्त्याचा मुद्दा घ्यायचा आहे. फेडोराचे पत्र हे राजपत्र आहे. चावडीवरचा कागद अजून कोणी लिहिलेला नाही.

मग तो कोणी, कसा लिहायचा? इथे विद्यार्थ्याशी आमचे बरेच भांडण झाले. तो म्हणाला, "सर, सगळ्यांना पाठवलं तर कोणीच वाचणार नाही." खरे आहे. म्हणूनच आम्ही वाटणी म्हणतो. विषयाच्या ओळीत वगळलेल्या आर्किटेक्चरचे नाव येऊ दे, आणि 'वगळले' की 'पुन्हा घेतले' तेही. वजा-अधिक चिन्हे यंत्र आजही वाचते, त्याला हे जड नाही. मेनफ्रेमचे मेनफ्रेमवाल्यांकडे, आर्मचे आर्मवाल्यांकडे. 32 बिटची, परवानगी मिळालेली वगळणी आठवड्यातून एकदा एका यादीत. विद्यार्थी म्हणाला, "पण अटींच्या ओळी असतात, आर्किटेक्चरच्या नावाजागी मॅक्रो असतो, एकाच्या आत दुसरी अट. यंत्राला अर्थ लागेलच असं नाही." बरं, जिथे लागत नाही तिथे 'अर्थ लागला नाही' असे लिहून सर्वांना पाठवा. तीही एक प्रामाणिक सूचना आहे.

कारणाचे काय? फेडोराच्या नियमात हे चांगले सांगितले आहे, की पॅकेज एखाद्या आर्किटेक्चरवर बांधले जात नसेल तर तसा बग नोंदवावा, आणि त्याचा क्रमांक एक्सक्लूडआर्चच्या ओळीशेजारी लिहावा. म्हणजे 'इलाज नव्हता' आणि 'कंटाळा आला' यांतला भेद उघड करण्याची जागा नियमाने ठेवलेली आहे. मग यंत्राने एवढेच बघावे: शेजारी क्रमांक आहे का? नसेल तर तेच पत्राच्या पहिल्या ओळीत यावे. आमच्या मते एवढ्या एका सुधारणेने या पत्रव्यवहाराचा कस वाढेल. कारण मग मेंटेनरला जाणारे पत्र आरशाची चिठ्ठी राहत नाही. त्यात त्याला उत्तर देण्याजोगा प्रश्न येतो.

आणि शेवटचा पत्ता, आमचे स्नेही. इथे एक तर्कदृष्ट्या अवघड जागा आहे, तिच्यावर आम्ही दोन रात्री घालवल्या. डेबियनमध्ये पॅकेजसोबत महत्त्वाच्या बातम्या जोडायची सोय आहे. नवी आवृत्ती बसताना त्या दाखवता येतात. उत्तम. पण त्या बातमीला वाहन कोणते? पॅकेजची नवी आवृत्ती. आणि तुमच्या आर्किटेक्चरसाठी ती आवृत्ती बांधलीच नाही, तर बातमी येणार कशावर बसून? आपल्या मृत्यूची वार्ता घेऊन मेलेला माणूस येऊ शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे.

अख्खे आर्किटेक्चर जाते तेव्हा शेजारी बोलतात. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आले, तेव्हा प्रकाशनाच्या टिपणांत स्वच्छ सांगितले होते की जुन्या 32 बिट इंटेल यंत्रांसाठी आता कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही, अशा यंत्रांवर ही आवृत्ती चढवू नका. 2019 मध्ये उबुंटूने 32 बिट पॅकेजे साफ बंद करण्याचे जाहीर केले, तर गेम खेळणारे आणि विंडोजचे प्रोग्राम चालवणारे असे उठले की काही दिवसांतच निर्णय फिरवून निवडक पॅकेजे ठेवावी लागली. मोठा बदल, मोठा आवाज, मोठी दाद. पण एकेक पॅकेज जाते तेव्हा ते पागोळीच्या थेंबासारखे जाते. त्याला टिपण नाही, आरडाओरडा नाही. वाचनालयात तिघे म्हातारे, त्यांचा कसला आवाज?

म्हणून हे काम पॅकेज बसवणाऱ्या व्यवस्थेने करायला हवे. वगळलेल्या पॅकेजांची एक यादी, आर्किटेक्चरवार, कारणासह, प्रत्येक आवृत्तीबरोबर उतरावी. मग 'सापडत नाही' याऐवजी यंत्र म्हणेल: हे पॅकेज तुमच्या आर्किटेक्चरसाठी अमुक आवृत्तीपासून बांधले जात नाही, कारण अमुक. आणि शक्यतो आवृत्ती चढवण्याआधी म्हणेल, नंतर नव्हे. माहिती आधीच जमा आहे. राजपत्रात पडून आहे.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. "सर, सरळ नवीन संगणक घ्यावा की." (हशा) घेतला, ताई. वाचनालयाला एकाने वापरलेला 64 बिटचा दिला, तोच प्रोग्राम त्यावर व्यवस्थित चालतो. उरलेल्या दोन यंत्रांवर जुनी आवृत्ती परत चढवून ठेवली आहे. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतील तेव्हा काय करायचे ते अजून ठरलेले नाही. आमच्या स्नेह्यांना आम्ही ती बदलनोंदीतली ओळ छापून, मोठ्या अक्षरांत, नेऊन दाखवली. त्यांनी कागद डोळ्यांशी धरून दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे मी नव्हतोच." कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आणखी कोणाचा प्रश्न आहे? मागे हात वर दिसतोय.